गाठीला कोण पोसतंय?

१

वेंग चिन-मू अजून मेला नव्हता, पण त्याच्या खुनाचा निकाल इस्पितळाच्या बोळात लागूनसुद्धा गेला होता. त्याचा मुलगा ची-शोंग हाडवैद्य गाओला मानगुटीला धरून भिंतीवर दाबत होता.

"ह्यानं मारलं माझ्या बापाला! अंगठे घालून पोट फोडलं ह्यानं!"

"अरे, मी खांद्याला हात लावला, पोटाला नाही!" गाओ ओरडत होता. भिंतीवर चेपला गेला तरी त्याचा रुबाब उतरला नव्हता. "सगळ्या किनाऱ्यावर माझं नाव आहे!"

"नाव वादळांनाही असतं," मागून आवाज आला. "बाजूला व्हा दोघं. मारामारी बाहेर करा, इथे लोक आजारी आहेत."

डॉ. कांग युए-शिया जेवणाचा डबा काखेत मारून उभ्या होत्या. उभा जन्म त्यांनी लोकांच्या यकृतातल्या धमन्यांत बारीक नळ्या सरकवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर युनलिनच्या ह्या समुद्राकाठच्या इस्पितळात त्या आठवड्यातून दोनदा येत, आणि येताना माणसांविषयीचं आपलं मत बरोबर घेऊन येत. ते मत फारसं बरं नव्हतं. यकृत त्यांना माणसापेक्षा आवडे, कारण ते खोटं बोलत नाही असा त्यांचा अनुभव होता.

प्रकार असा होता. चिन-मूची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, तळी होती. सकाळी तळ्यावर त्याचा उजवा खांदा ठणकायला लागला, म्हणून तो गाओकडे गेला. दुपारी घरी पेज पिता पिता पोट धरून खाली कोसळला. इथे आणला तेव्हा पोट टम्म फुगलेलं, अंग गार, नाडी पळती. ड्यूटीवरच्या डॉ. फांगने पोटात सुई घातली तर नुसतं रक्त आलं. सीटीमध्ये यकृताच्या माथ्यावर मुठीएवढी गाठ दिसली, फुटलेली. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवत फांगने यकृताच्या धमनीत नळी घालून गळती शोधली. ती सापडली नाही.

"मग?" कांगबाईंनी विचारलं.

"मग काय मॅडम, संपलं," फांग म्हणाला. हा तरुण नुकताच तैपेईहून शिकून आला होता आणि शिकून आल्याचं रोज कुणाला तरी ऐकवत होता. "घरच्यांना सांगितलं. ॲम्ब्युलन्स बोलावलीय. श्वास आहे तोवर घरी पोचवतील."

ह्या किनाऱ्यावर माणूस शेवटचा श्वास घरातल्या देव्हाऱ्यासमोर सोडतो. बाहेर गेला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. म्हणून इस्पितळातून अर्धमेली माणसं नाकाला श्वास भरायची पिशवी लावून घरी जात, आणि दारात पोचल्यावर कुणीतरी त्यांच्या कानात ओरडून सांगे की घर आलं.

"फोटो दाखव," कांगबाई म्हणाल्या.

"मॅडम, मी नीट पाहिलंय."

"म्हणूनच मागतेय."

फांगने काचेवर दोन फोटो लावले. एक सीटीचा, एक नळीतून रंग सोडून काढलेला. कांगबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसून परत लावला.

"हे दोन फोटो एका माणसाचे नाहीत," त्या म्हणाल्या.

२

"एकाच माणसाचे आहेत," फांग चिडून म्हणाला. "नाव वाचा ना."

"नाव वाचता येतं मला. तू चित्र वाच. सीटीत शिरेतून रंग दिला तेव्हा गाठ कशी दिसतेय?"

"झळकतेय."

"म्हणजे तिला धमनीतून भरपूर रक्त मिळतंय. यकृताच्या कॅन्सरची गाठ अशीच खादाड असते. आता हा दुसरा बघ. तू रंग थेट यकृताच्या धमनीत सोडलास. गाठ कुठाय?"

फांग फोटोजवळ वाकला. तिथे गाठ नव्हतीच. काळी मोकळी जागा होती.

"रक्तदाब कमी होता," शेवटी तो म्हणाला. "धमन्या आक्रसल्या असतील."

"सीटीच्या वेळी रक्तदाब काय होता?"

"त्याहून कमी," फांगचा आवाज खाली आला.

"वा! म्हणजे मरायला टेकलेला असताना गाठ जेवत होती, आणि तू रक्त देऊन जरा सावरल्यावर तिनं उपास धरला. तैपेईत हे शिकवतात का?"

त्यांनी बोट दुसऱ्या फोटोवर टेकवलं. "आणि ह्या फांद्या बघ. धमनी अशी आखूड, बोडकी कधी असते? कुंपण छाटल्यासारखी दिसतेय ही. ह्या धमन्या कुणीतरी आधी बंद केल्यात. गाठ उपाशी मारायला नळी घालून स्पंजचे तुकडे सोडतो ना आपण, तसं. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलंय."

"शक्यच नाही. मी घरच्यांना तीनदा विचारलं. कधी कसला उपचार नाही. मुलगी शाळेत शिक्षिका आहे, ती कशाला खोटं बोलेल?"

"शिक्षिका आहे म्हणून बोलणार नाही? शाबास." कांगबाईंनी फोटो उतरवले. त्या काळात एका इस्पितळात काय झालं ते दुसऱ्याला कळायची सोय नव्हती. घरचे सांगतील तेच खरं. "गाठ मुठीएवढी आहे. यकृताने तिचं जेवण तोडलंय तरी ती धष्टपुष्ट आहे. मग तिला पोसतंय कोण? ती धमनी सापडली तर गळती बंद होईल. पण अशा शेजारच्या धमन्या डझनभर असतात. सगळ्यांत नळी घालत बसायला त्याच्याकडे वेळ नाही. मला सरळ एकीकडेच जायचंय. त्याकरता ह्या माणसाचं खरं काय झालंय ते कळायला हवं."

"आणि ॲम्ब्युलन्स?"

"थांबेल. नाहीतर चाकातली हवा काढ. तेवढं तरी येईल तुला."

३

पहिला नंबर हाडवैद्य गाओचा लागला. कॉलर सरळ करत तो ऐटीत खुर्चीवर बसला.

"उस्ताद, काय काय दाबलंत?"

"खांदा. उजवा. नस आखडली होती. मी बघताक्षणी ओळखलं."

"दाबल्यावर ओरडला?"

"माझ्या हाताखाली कुणी ओरडत नाही."

"जाहिरात नंतर करा. दुखलं का?"

गाओने जरा इकडेतिकडे पाहिलं. "तसं... नाही. खांदा धरून आला होता, पण मी बोटं फिरवली तर म्हणाला, इथे नाही. तिथे दाबलं तर म्हणाला, तिथेही नाही. शेवटी म्हणाला, आतून दुखतं, श्वास घेतला की. मला वाटलं, म्हातारा नाटकी आहे."

"मग?"

"मग काय, औषधाची पट्टी लावली आणि पाठवला. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं कसं पाठवणार?"

"पोटाला हात?"

"देवाशपथ नाही. पालथं झोप म्हटलं तर झोपताच येईना त्याला."

"म्हणजे पोट तेव्हाच बिनसलं होतं. तुम्ही खुनी नाही उस्ताद. नुसते निरुपयोगी आहात. जा."

गाओला हे निर्दोषत्व फारसं रुचलं नाही, पण तो उठून गेला.

मुलगी शू-ह्वा आत आली ती रुमाल पिळत. तिशी उलटलेली, नीटनेटकी, बोलण्यात शाळेची सवय.

"वडिलांवर कुठे उपचार झाले?"

"कुठेच नाही."

"शू-ह्वाबाई, तुमच्या वडिलांच्या धमन्या सांगतायत की झालेत. तुमच्यात आणि धमन्यांत मी कुणावर विश्वास ठेवू, ते तुम्हीच सांगा."

शू-ह्वाचा चेहरा पडला. तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी तपासणीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही बाबांना सांगितलं, यकृतावर चरबी आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या."

"आणि उपचार?"

"उपचार केले असते तर त्यांना कळलं असतं ना! बाबा फार हळवे आहेत. धक्का सहन झाला नसता."

"छान. धक्का बसू नये म्हणून तुम्ही त्याला बिनधक्क्याचं मरू दिलंत. मुलांनाही असंच शिकवता का, की पेपर बघायचाच नाही म्हणजे नापास होत नाही?"

शू-ह्वा रडायला लागली. कांगबाईंनी कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला. रडणाऱ्या माणसाची त्यांना कीव येत नसे, पण टेबल ओलं झालेलं आवडत नसे.

"मग त्याला उपचाराला कोण घेऊन गेलं होतं?"

"कुणी नाही. खरंच कुणी नाही!"

ची-शोंगनेही तेच सांगितलं, फक्त ओरडून. बहिणीने गप्प राहायचं ठरवलं म्हणून तो गप्प राहिला. बापाला गाडीत घालून कुठल्याही इस्पितळात नेलं नाही. खोटं बोलत असेन तर माझ्या तळ्यातल्या तिसऱ्या मरोत.

तिसऱ्यांची शपथ किनाऱ्यावरचा माणूस उगीच घालत नाही. कांगबाईंना पहिल्यांदाच पेच पडला. दोघंही खरं बोलत होती, आणि धमन्याही खऱ्या होत्या.

"मॅडम," फांगने दारातून डोकं आत घातलं, "रक्तदाब पुन्हा घसरला."

४

चिन-मूची बायको पाओ-ल्येन ॲम्ब्युलन्सच्या दाराशी पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत नवऱ्याला शेवटी घालायचे नवे कपडे होते. कांगबाई तिथेच पायरीवर तिच्याशेजारी बसल्या.

"बाई, ह्या वर्षात तुमचा नवरा घराबाहेर कुठे राहायला गेला होता का?"

"यात्रेला गेला होता. देवळाच्या मंडळाबरोबर, बेइगांगला. आधी कधी देवाचं नाव घेतलं नाही म्हाताऱ्यानं, आणि ह्या वर्षी तीनदा गेला."

"काय आणलं तिथून?"

पाओ-ल्येनने नाक मुरडलं. "तेच तर! बेइगांगला जाऊन तिथली ताटाएवढी मिठाई न आणणारा माणूस बघितलाय कधी? म्हणे दुकान बंद होतं. तीनदा? मी तर म्हटलं, कुठे दुसरीकडे संसार थाटलाय का ह्यानं."

"परत आल्यावर कसा असायचा?"

"यात्रा बाधायची त्याला. आल्या आल्या ताप, ओकाऱ्या, उजव्या कुशीत दुखतंय म्हणायचा. जेवायचा नाही. बाहेरचं काही लागलं म्हणून मी दरवेळी देवळात नेऊन उतारा करून आणला. आठवड्यात बरा व्हायचा. उताऱ्याचा गुण बरं का."

"आणि पाय?"

पाओ-ल्येन चमकली. "तुम्हाला कसं कळलं? उजवा पाय अगदी सरळ ठेवायचा. दुमडायचा नाही. म्हणायचा, चालून चालून जांघेत लचक भरली."

फांग मागे उभा होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"बंद कर, माशा जातील," कांगबाई त्याला म्हणाल्या. "जांघेतून नळी घातली की पाय दुमडू नका म्हणून कोण सांगतं? आपणच. गाठीचं रक्त तोडलं की ताप, ओकारी, कुशीत दुखणं कशाला येतं? गाठ मरताना येतं. बेइगांगची देवी असा प्रसाद देत नाही." त्या परत पाओ-ल्येनकडे वळल्या. "खांदा कधीपासून दुखतोय?"

"दोन महिने झाले. दीर्घ श्वास घेतला की कळ यायची. शिंक आली तर खांदाच धरायचा."

कांगबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, पण चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांना रोगी सापडण्यापेक्षा उत्तर सापडलं की अधिक आनंद व्हायचा, आणि ते त्या लपवतही नसत.

तेवढ्यात स्ट्रेचरची चाकं खडखडली. ची-शोंग आणि गाडीवाले चिन-मूला बाहेर आणत होते.

५

"थांबा," कांगबाई गाडीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा हो! बाबांना घरी न्यायचंय!"

"आधी ऐक. तुझ्या बापाला कुणी मारलेलं नाही. आणि तुम्ही कुणी त्याला उपचाराला नेलंही नाही. मग राहिलं कोण? तो स्वतः! तुम्ही दोघं त्याच्यापासून लपवत होता, आणि तो तुमच्यापासून. व्हिटॅमिन देऊन चरबी आहे म्हणणाऱ्या पोरांवर त्यानं विश्वास ठेवला असेल असं वाटतं तुम्हाला? तो यात्रेच्या नावानं मोठ्या शहरात गेला, एकटा, आणि तीनदा नळी घालून घेतली. एकट्यानं ओकला. परत येऊन तुमच्यासमोर तुमच्याच व्हिटॅमिनच्या गोळ्या खाल्ल्या."

शू-ह्वाने तोंडावर हात ठेवला.

"आता गाठीचं. यकृताने जेवण तोडलं तेव्हा ती शेजाऱ्याकडे हात पसरायला लागली. तिचा शेजारी कोण? ती यकृताच्या माथ्यावर आहे, श्वासाच्या पडद्याला चिकटून. तो पडदा दुखावला की दुखणं खांद्यात येतं, श्वासागणिक. म्हणून उस्तादांनी खांदा दाबला तर दुखलं नाही. खांदा बिचारा दुसऱ्याचं दुखणं बोलत होता. दोन महिने पडद्याची धमनी त्या गाठीला पोसतेय, आणि आज तिथूनच रक्त वाहतंय. डॉ. फांगने रिकाम्या हंड्यात गळती शोधली. भरलेला हंडा शेजारी होता."



"तुमची खात्री आहे?" ची-शोंगने विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ? आणि तिथे टेबलावरच जीव गेला तर? बाबांना मग घरात घेता येणार नाही! पितरांसमोर ठेवता येणार नाही! लोक काय म्हणतील, मुलानं बापाला बाहेर मरू दिलं?"

आता त्याचा आवाज मोठा नव्हता. कांगबाईंना पहिल्यांदाच त्या पोराच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि ती खरी होती. त्या काहीतरी खोचक बोलणार होत्या. पण पाओ-ल्येन मध्ये आली.

तिने स्ट्रेचरवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मग तिने कपड्यांची पिशवी मुलाच्या हातात दिली.

"घरात घेता आलं नाही तर अंगणात ठेवू," ती म्हणाली. "अंगण मोठं आहे आपलं. न्या हो डॉक्टरीणबाई त्याला आत."

६

पडद्याच्या धमनीचं तोंड शोधायला कांगबाईंना फार वेळ लागला नाही. रंग सोडला आणि मॉनिटरवर गाठ उमलली, आणि तिच्या कडेने रंगाचा एक धूसर ढग पोटात पसरताना दिसला.

"ही बघ गळती," त्या म्हणाल्या. "आता तू कर. स्पंज बारीक काप. हात कापतोय का?"

"हो."

"कापू दे. ज्यांचा कापत नाही ते माणसं घरी पाठवतात."

फांगने तुकडे सोडले. पुन्हा रंग सोडला तेव्हा ढग नव्हता. थोड्या वेळाने नर्स म्हणाली की नाडी भरतेय. फांगला काहीतरी बोलायचं होतं, माफीसारखं काहीतरी. कांगबाईंनी त्याला डबा आणायला पाठवलं. भात गार झाला होता, तरी त्यांनी तो सगळा खाल्ला.

७

चिन-मू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. कांगबाई वॉर्डाकडे निघाल्या तर शू-ह्वा वाटेत आडवी आली.

"मॅडम, एक विनंती. आम्हाला कळलंय हे बाबांना कळू देऊ नका. त्यांनी इतकं जपून लपवलंय, त्यांना फार लागेल. अल्सर फुटला असं सांगूया का?"

कांगबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मूर्खपणाचे पुष्कळ नमुने पाहिले होते. हा नवा होता.

आत गेल्या तर चिन-मूने त्यांची बाही धरली. "डॉक्टरीणबाई," तो घोगऱ्या आवाजात कुजबुजला, "पोरांना काही बोलू नका. हळवी आहेत. अल्सर म्हणून सांगा."

"शाब्बास," कांगबाई म्हणाल्या. "निदान खोटं तरी दोन्हीकडे एकच आहे."

त्यांना पुढे बरंच बोलायचं होतं. तेवढ्यात पाओ-ल्येन आत आली, मागोमाग दोन्ही मुलं. चिन-मूने लगेच चेहरा सारखा केला.

"अल्सर निघाला म्हणे," तो बायकोला म्हणाला.

"कॅन्सर आहे तुला," पाओ-ल्येन म्हणाली.

शू-ह्वा "आई!" म्हणून ओरडली. ची-शोंग भिंतीकडे वळला. चिन-मूने आधी मुलांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही! मला कुणी सांगितलंच नाही!" तिचा आवाज चिरकला. "तुला माहीत होतं. हिला माहीत होतं. ह्याला माहीत होतं. वर्षभर माझ्या घरात तीन माणसं तीन खोल्यांत एकेकटी रडत होती. आणि मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवत होते, कारण मला वाटायचं, घर हल्ली किती शांत झालंय."

 चिन-मूचे खांदे हलायला लागले. ची-शोंग भिंतीपासून वळला, बापाच्या पायाशी येऊन बसला आणि पांघरुणात तोंड घालून लहान पोरासारखा रडला. शू-ह्वा उभ्या उभ्या रडत होती. तिला कुणीच गप्प केलं नाही.

पाओ-ल्येनने डोळे पुसले आणि कांगबाईंकडे वळली. "आता पुढे काय, ते सांगा. बाजूला घेऊन नाही. इथेच, मोठ्यानं. बरं होणार का, नाही होणार, किती दिवस आहेत, सगळं."

सांगण्यासारखं फारसं गोड नव्हतं. रक्त थांबलं होतं. यकृत सावरलं तर काही आठवड्यांनी तेवढा भाग कापून काढता येण्याजोगा होता. पण फुटलेल्या गाठीचे कण पोटात सांडलेले असतात, ते कधी कुठे रुजतील ह्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. कदाचित वर्षं मिळतील, कदाचित महिनेच. अशा वेळी डॉक्टर घरच्या एखाद्या शहाण्याला बोळात बोलावतात आणि बाकीच्यांना घरी पाठवतात. कांगबाईंनीही जन्मभर तेच केलं होतं.

त्यांनी दार लावून घेतलं, स्टूल पलंगाजवळ ओढलं, आणि चौघांकडे बघत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.